शंभरातल्या त्रेचाळीस

रविवारी संध्याकाळी रेणू सेलोकर आपल्याच घरात, आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच खुर्चीवरून उठून उभी राहिली, आणि का उठली ते तिला कळलं नाही. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती. टेबलावर वाटाण्याच्या शेंगांची टरफलं पडली होती, त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडा होता, आणि पडद्यावर शुक्रवारच्या चर्चासत्रात वाचायच्या निबंधाचं शेवटचं पान होतं. बाहेरच्या खोलीतून पावलं वाजली. चप्पल काढल्याचा आवाज, मग फरशीवर टाच. तेवढ्यावर तिचे गुडघे सरळ झाले. एका हातानं तिनं लॅपटॉप ओढून घेतला, दुसऱ्या हातानं ओढणी सावरली, खुर्ची मागे सरली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी. आत आला तो प्रविण, तिचा नवरा. चौदा वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी खुर्चीवरून उठवलं नव्हतं.

"पाणी घ्याले आलो," तो म्हणाला. "तू काहून उठली?"

"काही नाही. पाय अवघडले."

त्यानं माठातलं पाणी घेतलं, उभ्याउभ्याच प्यायला आणि टीव्हीकडे परत गेला. खुर्ची रिकामीच राहिली. त्याला ती नकोच होती. कोपऱ्यातल्या दिवाणावर तिची माय बसली होती. मंदाबाईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता, म्हणून त्या लेकीकडे कारध्याला मुक्कामाला होत्या, आणि डॉक्टरनं दिलेला काळा चष्मा घरातसुद्धा उतरवत नव्हत्या. त्या चष्म्यातून त्यांना काय दिसत होतं आणि काय नाही, याचा घरात कुणालाच अंदाज नव्हता.

"कोनाले पाहून उठलीस व?" माय म्हणाली.

"कोणाले नाही, माय."

"मंग भुताले पाहून उठलीस."

रेणू परत बसली. पण बसताना तिला जाणवलं की आपण खुर्चीच्या कडेवर बसलो आहोत. पाठ खुर्चीच्या पाठीला लागलेली नाही. पायाची बोटं जमिनीत रुतवलेली, धावण्याच्या शर्यतीत शिट्टीची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी. आणि मग तिला हेही जाणवलं की ती नेहमी अशीच बसते. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, बँकेत, सगळीकडे. कधीपासून, ते मात्र सांगता येत होतं. नदीपलीकडे, भंडाऱ्यातल्या त्या महाविद्यालयात ती अकरा वर्षांपूर्वी अर्थशास्त्र शिकवायला लागली, तेव्हापासून.

तिथल्या स्टाफरूममध्ये एक रिवाज होता. कुणी तो लिहून ठेवला नव्हता, पण नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी कळत असे. जे प्राध्यापक कायम होते त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असे. शनिवारी तो घरी जाई, बायकोच्या हातून धुऊन सोमवारी परत येई, आणि पाठीवर चढला की ती खुर्ची त्या माणसाची होई, तो खोलीत असो की नसो. लांजेवार सर, रेणूचे विभागप्रमुख, यांचं कायम होणं तिनं स्वतः पाहिलं नव्हतं, पण ते सांगत असत: पत्र हातात पडलं त्या दिवशी ते पेढ्यांच्या दुकानात नंतर गेले, आधी टॉवेल घ्यायला गेले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना टॉवेल नव्हता. त्यांनी घेतलेल्या तासांपुरतंच महाविद्यालय त्यांना ओळखत असे. उन्हाळा लागला की ओळख संपे, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी ओळख. अकरा जून रेणूनं अशा मुलाखती दिल्या होत्या आणि दर वेळी तेच लोक तिला विचारत, "तुमचं नाव?" दोन तासांच्या मधल्या वेळात ती रिकाम्या खुर्चीवर बसे. डबा खिडकीत, पर्स मांडीवर, वह्या छातीशी. दारात पावलं वाजली की उठे. कुणी उर्मटपणे उठवत नसे, हे खरं. "बसा, बसा मॅडम," असंच म्हणत, आणि म्हणता म्हणता टॉवेल नीट करत. त्या 'बसा'चा अर्थ 'उठा' असा होतो, हे ती आणि तिच्यासारखीच तासांवर शिकवणारी डिंपल आणि बाकीच्या पोरी पहिल्याच आठवड्यात शिकल्या होत्या. हे शिकायला पीएच.डी. लागत नाही. पण त्यांच्यातल्या तिघींकडे ती होती.

कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला आणि पुन्हा पानाकडे पाहिलं. विषय तिचा नव्हताच. गेल्या दिवाळीत लांजेवार सर जपानला जाऊन आले, जावई ओसाकाला असतो म्हणून. आल्यावर महिनाभर स्टाफरूममध्ये जपानशिवाय दुसरं काही नव्हतं. तिथल्या रस्त्यावर कागद नाही, गाडी सेकंदावर सुटते, आणि माणसं माणसांसमोर वाकतात. मग महिला दिनाचं चर्चासत्र ठरलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, "सेलोकर मॅडम, तुम्ही असं करा. उच्च शिक्षणातल्या स्त्री-अध्यापकांची तुलना करा. भारत आणि जपान. कळू द्या आपल्या लोकायले, ते कुठं आहेत अन् आपण कुठं." ती बसली आकडे घेऊन. दोन रात्रींनंतर जे निघालं ते तिनं चार वेळा तपासून पाहिलं, कारण तिला स्वतःवर कधीच भरवसा नसे. आपल्याकडे महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्या शंभरांत बायका त्रेचाळीस. जपानात शंभरांत सत्तावीस.

स्टाफरूममध्ये आनंदीआनंद झाला. "म्हणजे सोळा धावांनी जिंकलो आपण!" इतिहासवाले सर म्हणाले. प्राचार्यांना इतका आनंद झाला की त्यांनी फ्लेक्स छापायला टाकला, दोन्ही देशांचे झेंडे आणि खाली मोठ्या अक्षरांत सत्तावीस आणि त्रेचाळीस. लांजेवार सर थोडे हिरमुसले, जपान हरला म्हणून, पण दुपारपर्यंत सावरले. आणि त्या सगळ्या हसण्यात रेणू खिडकीजवळ उभी होती. तिला वाटलं, मीसुद्धा आहे ना त्या त्रेचाळिसात? मग मला जिंकल्यासारखं का वाटत नाही? ती पुन्हा आकड्यांकडे गेली. या वेळी आकड्यांकडे नाही, आकड्यांखालच्या बारीक टिपांकडे. आणि तिथं तिला ते सापडलं, कुणीही न लपवलेलं, उघड्यावर पडलेलं, फक्त कुणी वाचत नाही असं. जपानचा सत्तावीसचा आकडा पूर्णवेळ नेमलेल्या अध्यापकांचा होता. आपला त्रेचाळीसचा आकडा तसा नव्हता. त्यात कायम, कंत्राटी, हंगामी, सगळ्या एकाच रांगेत उभ्या. जपाननं बसलेल्या बायका मोजल्या होत्या. आपण बसलेल्या आणि उभ्या, दोन्ही मोजून बेरीज केली होती. आणि मग वर फ्लेक्स लावला होता.

तिकडे तासांवर शिकवणाऱ्या बायका नाहीत असं नव्हतं. त्यांच्याबद्दल तिनं वाचलं. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, पिशवीत डबा. त्या सत्तावीसमध्ये नव्हत्याच. त्या दिवसापासून एक बाई रेणूच्या डोक्यात राहायला आली. तिला नाव ठेवायचं रेणूनं टाळलं. सुचेल ते नाव एखाद्या सिरियलमधलं निघेल अशी भीती. पण ती बाई रोज असे. रेणू भाकरी थापत असताना ती कुठल्यातरी स्टेशनवर उभी असे, राखाडी कोट घातलेली, मांडीएवढ्या उंचीच्या बॅगेला टेकून. तिच्या देशानं तिला मोजलंच नव्हतं. रेणूच्या देशानं रेणूला मोजलं होतं आणि खुर्ची दिली नव्हती. यातलं जास्त वाईट कुठलं, याचा निवाडा त्या दोघी डोक्यातल्या डोक्यात करत बसत. जपानी बाई म्हणे, तुला निदान मोजलं तरी. रेणू म्हणे, मोजून त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, तुझ्या नावावर निदान कुणी टाळ्या तरी वाजवत नाही. मग भाकरी करपे.

हेच सगळं तिनं शेवटच्या पानावर लिहिलं होतं, अर्थात जपानी बाई वगळून. सोमवारी लांजेवार सरांनी ते वाचलं. स्टाफरूम रिकामी होती, तरी त्यांनी आवाज खाली घेतला. ते वाईट माणूस नव्हते. पीएच.डी.च्या वेळी त्यांनी आपली पुस्तकं तिला घरी नेऊ दिली होती, समासातल्या खुणांसकट.

"मॅडम, बाकी फर्स्टक्लास आहे. हे एक पान तेवढं काढून टाका."

"चुकलं का सर काही?"

"चुकलं नाही. तेच तर. चुकलं असतं तर मी दुरुस्त करून दिलं असतं." ते हसले. "पाहुणे येऊन राहिले नागपूरचे. संस्थेचे अध्यक्ष राहतील. फ्लेक्स लागून राहिला. अन् तुम्ही त्याच्याखाली उभं राहून सांगान का हा फ्लेक्स खोटा आहे म्हणून?"

"खोटा नाही सर. अर्धा आहे."

ही दोन वाक्यं आपण बोललो, याचा तिलाच धक्का बसला. लांजेवार सरांनी चष्मा काढला, टॉवेलच्या टोकानं पुसला. "जूनमध्ये मुलाखत आहे नं तुमची?" त्यांनी विचारलं, अगदी मायेनं, मुलीच्या परीक्षेची चौकशी करावी तसं. "मी राहीन तिथं. पण मी एकटाच नाही राहत मॅडम." आणि मग, "बसा न. उभ्या काहून?"

ती ज्या खुर्चीजवळ उभी होती तिच्यावर टॉवेल होता. ती बसली नाही.

परतताना कारध्याच्या पुलावर तिनं गाडी थांबवली. खाली वैनगंगा होती, पण वाहत नव्हती. गोसीखुर्दला धरण झाल्यापासून तिचं पाणी इथवर तुंबून राहतं, वर हिरवी जलपर्णी, जणू नदीला कुणी सांगितलं आहे की तू थांब, तुझं नाव पुकारलं की ये. याच पाण्याच्या तळाशी, खाली कुठंतरी, तिच्या मायचं गाव होतं. घर, चिंच, शाळेची भिंत, धनीराम पाटलाच्या बांध्या. बांध्या म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे. ते आठवलं आणि तिला एकदम हसू आलं. बायका अशा मोजण्याचा आपल्याला येणारा राग आजचा नाही, तो जुना आहे. आपण दहा वर्षांच्या होतो. रोवणा चालू होता. धानाचे कोवळे पऱ्हे चिखलात लावायचं काम बायांचं. वाकून, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, मागे मागे सरकत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या असलेल्या माणसाला लांबून फक्त पाठी दिसत. गावात शेत बायांनीच मोजत. हा तुकडा आठ बायांचा, तो बारा बायांचा. धनीराम पाटील रोज सकाळी धुऱ्यावर उभा राहून काठीच्या टोकानं मोजत जाई, एक, दोन, तीन, आणि शेवटी मोठ्यानं ओरडे, "चौदा बाया!" आणि रेणू पळसाखाली पुस्तक घेऊन बसलेली असे, आणि त्या चौदांत तिची माय कितवी ते शोधत असे. सगळ्यांची लुगडी एकाच चिखलानं एकाच रंगाची झालेली.

घरी आल्यावर तिनं मायला विचारलं, "माय, तू धनीराम पाटलाले काय म्हटलं होतं वं? मोजतानी?"

काळ्या चष्म्याच्या खाली मायचं तोंड हललं. "अवो, तुले याद आहे?" ती उठून बसली. "त्याची काठी माह्याकडं आली अन् तो म्हने सात. मी म्हटलं, सात नाही, मंदा. मंदा म्हनून मोज. तो म्हने का म्हनते ही बाई? तं माह्या बाजूची म्हने, मी सखू. तिच्या बाजूची म्हने, मी देवका. साऱ्याच लागल्या बोंबलाले. बुढ्याची गिनतीच बिघडली. पुन्हा सुरू करे, पुन्हा आमी नावं सांगो. चिखलात हासता हासता पडल्या दोघी." ती खुदखुदली, आणि मग डोळ्याला झटका बसेल म्हणून हात लावून थांबली.

"मग?"

"मंग का. दुसऱ्या दिवशी मले बलावलंच नाही. दुसऱ्या बायांले नेलं."

"अन् तू?"

"मी का? मी घरी झोपली." माय म्हणाली. "पाठ सरळ करून झोपली. लय दिवसानं."

प्रविण दारात उभा राहून ऐकत होता. तो पतसंस्थेत कारकून होता आणि त्याला कुठल्याही गोष्टीतला धोका आधी दिसे, हे त्याचं कामच होतं. "मामीच्या टाइमची गोष्ट वेगळी होती," तो रेणूला म्हणाला. विदर्भातल्या जावयासारखा तो सासूला मामी म्हणे. "तेव्हा दुसरा पाटील होता गावात. भंडाऱ्यात तुले दुसरं कॉलेज ठेवलं आहे का कोणी? एक पान आहे. काढून टाक न. कोणाचं काय जाते?"

"माझं जाते."

"काय जाते तुझं?"

रात्रभर तिनं उत्तर शोधलं आणि सापडलेलं प्रत्येक उत्तर तिला पुस्तकी वाटलं. आपण कोण लागून गेलो? ना आपल्याला बोलता येतं, ना भांडता. वर्गातसुद्धा मागच्या बाकांवरची पोरं ओरडतात, मॅडम, आवाज! जी बाई आपल्या घरात नवऱ्याच्या पावलाला उठते तिनं नागपूरच्या पाहुण्यांसमोर काय उभं राहावं. पण याच विचाराच्या टोकाला दर वेळी तीच खुर्ची येत होती, स्वयंपाकघरातली, कुणी न मागता रिकामी केलेली. कॉलेजात उठते ते पोटासाठी, एवढं ती स्वतःला समजावू शकत होती. पण ते उठणं नदी ओलांडून, पूल ओलांडून, तिच्या मागे मागे घरी आलं होतं, आणि आता तिच्या गुडघ्यांत राहत होतं. पान काढून टाकलं तर ते पान नाही जाणार. ते उठणं कायम होईल. अकरा वर्षांत तिच्यातली तेवढी एकच गोष्ट कायम होईल.

मंगळवार, बुधवार, गुरुवार ती पान काढत आणि लावत राहिली. गुरुवारी संध्याकाळी लांजेवार सरांच्या हाती तिनं निबंधाची प्रत दिली. त्यात ते पान नव्हतं. त्यांनी पानं मोजली आणि म्हणाले, "शहाण्या आहात." ती जिना उतरून खाली आली आणि सायकल स्टँडजवळच्या नळावर वाकून तिनं दोनदा तोंड धुतलं. डिंपल तिच्या पाठीवर हात फिरवत होती. डिंपल तासिकेवरच होती, तीन वर्षांपासून, अजून चिडता येण्याच्या वयाची. "मॅडम, उद्या हिरव्या साडीत या," ती म्हणाली. "ऑर्डर आहे. आपल्याले ताट घेऊन गेटवर उभं राहायचं आहे, ओवाळाले. निबंध वाचणारी बाई ओवाळून येईन अन् मग वाचीन. जपानात असं राहत असेन का हो?"

शुक्रवारी सकाळी रेणू हिरवी साडी नेसली. गेटवर तिनं आणि डिंपलनं पाहुण्यांना ओवाळलं. कुंकू लावताना पाहुण्यांच्या कपाळाकडे पाहायचं असतं, डोळ्यांकडे नाही, हेही ती कधीतरी शिकली होती. वर सभागृहात मंच सजला होता. मागे फ्लेक्स, सत्तावीस आणि त्रेचाळीस. आणि मंचावर लांब टेबलामागे त्याच खुर्च्या, स्टाफरूममधून वर आणलेल्या, टॉवेलांसकट. समारंभ असला की दर वेळी त्या अशाच वर येत. अध्यक्ष, प्राचार्य, नागपूरचे एक पाहुणे, लांजेवार सर. पाचवी खुर्ची रिकामी होती. नागपूरच्या दुसऱ्या पाहुण्यांची गाडी शहापूरजवळ ट्रकांच्या रांगेत अडकली होती, असं सूत्रसंचालकानं सांगितलं. बोलणाऱ्या बाईसाठी खुर्ची नव्हती. तिनं वर यायचं, वाचायचं, खाली जायचं. मागच्या रांगेत प्रविण बसला होता, आणि त्याच्या शेजारी काळा चष्मा. माय आलीच होती. तिला यायला कुणी सांगितलं नव्हतं.

नाव पुकारलं गेलं. वर जाताना तिला पायऱ्या दिसल्या नाहीत, फक्त माईक दिसला. तिनं वाचायला सुरुवात केली. मागच्या बाकांवरून आवाज आला नाही, पण तिला वाटलं आला, म्हणून ती मोठ्यानं वाचू लागली. सत्तावीसवर थोडी कुजबुज झाली. त्रेचाळीसवर टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. लांजेवार सरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, झालं, आता उतरा. कागद संपला होता. तिनं तो घडी घातला. सभागृहात पंखे फिरत होते आणि त्या आवाजात तिला कुठल्यातरी स्टेशनवरची घोषणा ऐकू आली, न कळणाऱ्या भाषेतली, आणि राखाडी कोटातली बाई बॅग उचलून उभी राहिली.

"अजून एक गोष्ट आहे," रेणू म्हणाली. "ती कागदावर नाही."

मग तिनं सांगितलं. पान पाठ नव्हतं, पण ते पाठ करायची गरजच नव्हती. जपानचा आकडा कुणाचा आणि आपला कुणाचा. ज्यांना त्यांनी मोजलं नाही त्यांच्याविषयी. आणि ज्यांना आपण मोजतो, टाळ्या घेतो, आणि उन्हाळ्यात विसरतो त्यांच्याविषयी. तिचा आवाज दोनदा फाटला. प्राध्यापकांच्या सभेत बोलतात तसं तिला बोलता आलं नाही; ती स्वयंपाकघरात बोलावं तसं बोलली. "हा मागचा त्रेचाळीस खरा आहे," ती म्हणाली. "मी मोजला आहे. पण त्यात बसलेल्या किती अन् उभ्या किती, ते आपण लिहिलं नाही. ते लिहू, मग जपानाशी बोलू. त्यात मी आहे. माझं नाव रेणू सेलोकर आहे. जूनमध्ये मला पुन्हा विचारतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."

टाळ्या पडल्या नाहीत. एका खुर्चीची करकर ऐकू आली. तिला खाली उतरायचं होतं. तिनं पाऊल उचललं, आणि पायऱ्यांच्या अलीकडे ती पाचवी खुर्ची होती. तिनं ठरवलं नव्हतं, हे ती पुढे शपथेवर सांगू शकली असती. पाय थकले होते. ती बसली. आधी सवयीनं कडेवर, मग हळूहळू मागे, पाठ टॉवेलला टेकेपर्यंत. टॉवेलला साबणाचा वास होता, कुणाच्यातरी बायकोच्या हातचा.

तेवढ्यात दारात गडबड झाली. दुसरे पाहुणे आले होते, घामाघूम, हातात पुष्पगुच्छ, मागे डिंपल ताट घेऊन पळत. पाहुणे मंचाच्या पायऱ्या चढू लागले. लाकडी पायरीवर बुटाची टाच. रेणूचे गुडघे सरळ होऊ लागले. तिला ते जाणवलं, एखादं जनावर पायाशी हलावं तसं. सगळं सभागृह तिच्याकडे पाहत होतं. लांजेवार सर तिच्या दिशेनं वाकले, हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता.

"मॅडम, जरा…"

मागच्या रांगेत काळा चष्मा तिच्याकडे वळलेला होता. कोनाले पाहून उठतेस व?

"सर, अजून एक खुर्ची आणा," रेणू म्हणाली. समोरच्या टेबलावरचा माईक चालू होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पाहुणे पुष्पगुच्छ धरून मंचाच्या मधोमध उभे, कुठं पाहावं ते न कळून. किती अवघड असतं नाही हे, रेणूच्या मनात आलं, आणि तिला त्यांची खरोखर कीव आली, पण ती उठली नाही. मग लांजेवार सरच उठले. त्यांनी पाहुण्यांना हात धरून आपल्या खुर्चीवर बसवलं, आपल्या टॉवेलवर, आणि कंबरेवर हात ठेवत पायऱ्या उतरून पहिल्या रांगेतली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलली. ती वर आणली, रेणूच्या शेजारी ठेवली, आणि बसले. खुर्चीचा एक पाय आखूड होता. ते डुलले, सावरले, पुन्हा डुलले. सूत्रसंचालक पाहुण्यांचा परिचय वाचू लागला. काहीच पडलं नाही, काहीच मोडलं नाही.

बऱ्याच वेळानं, समोर पाहतच, लांजेवार सर पुटपुटले, "टोचते हो पाठीले ही खुर्ची."

"सवय होते सर," रेणू म्हणाली.

जून यायचा होता, आणि त्या मुलाखतीत ते कुठल्या बाजूला बसतील हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मागे सखू नाही, देवका नाही, पण माय होती. आणि दाराशी ताट खाली ठेवून डिंपल पहिल्या रांगेतल्या मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहत होती, दुसरी खुर्ची ओढावी की काय अशी. टेबलाखाली, हिरव्या साडीच्या आत, रेणूचे गुडघे अजून थरथरत होते, उठायच्या तयारीत. थरथरा, तिनं त्यांना सांगितलं. पाहिजे तेवढं थरथरा. पण बसून.